छात्रांची नामावली कोण जपणार?

नाणेघाटातील लेण्याच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज त्या प्रतिमा उरलेल्या नाहीत. काही ठिकाणी पायांचे अवशेष तेवढे ओळखू येतात. परंतु त्यांच्या माथ्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेली नावे अद्याप वाचता येतात, आणि केवळ त्या नावांमुळेच सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सातकर्णी यांच्या प्रतिमा येथे होत्या, हे आपणांस दोन हजार वर्षांनंतर सांगता येते. जुन्नर परिसरातील लेण्यांत तर राजकुलाबाहेरची माणसेही भेटतात. धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख तेथील दानलेखांत आहेत. एखाद्या संघटनेचे सभासद असणे आणि त्या नात्याने काही देणे, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याच्या योग्यतेची आहे, हे या मुलखाला फार पूर्वीपासून ठाऊक होते.

ही आठवण येथे काढण्याचे कारण एका अगदी अर्वाचीन संघटनेचे आहे. राष्ट्रीय छात्रसेना आणि विशेषतः तिची हवाई शाखा या संघटनेतून आजवर मुलामुलींच्या कित्येक पिढ्या बाहेर पडल्या. त्यांची नावे कोठे आहेत, ती कोण जपतो आणि कोणाला ती वाचावीशी वाटतात, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी तसा तो नाही.

छात्रसेनेचा इतिहास थोडक्यात असा. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर जो अहवाल दिला, त्याच्या आधारे १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला. पुढील वर्षी मुलींचा विभाग निघाला. १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कलकत्ता येथे प्रत्येकी एक पथक उभारून हवाई शाखेचा प्रारंभ झाला. या कायद्यातील एक तरतूद फार अर्थपूर्ण आहे. छात्रसेनेत नाव नोंदविले म्हणून कोणावरही प्रत्यक्ष लष्करी सेवेचे बंधन येत नाही. छात्र गणवेष घालतो, कवायत करतो, शिबिरास जातो. परंतु तो सैनिक नसतो. सैनिकाची नोंद सैन्याच्या दफ्तरात असते, त्याच्या निवृत्तिवेतनाचा कागद असतो, त्याच्या मागे माजी सैनिक म्हणून एक ओळख राहते. छात्राच्या मागे दोन-तीन वर्षांनंतर एक प्रमाणपत्र उरते. महाविद्यालयाच्या बाजूने पाहिले तर उरते ती केवळ नामावलीतील एक ओळ.

हवाई शाखेच्या बाबतीत तर हा विरोधाभास अधिकच जाणवतो. विमानविद्या ही मुळातच नोंदींची विद्या आहे. पुणेकरांना हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रामुळे ग्लायडरचे उड्डाण अपरिचित नाही. मैदानाच्या एका टोकास असलेले विंच नावाचे यंत्र पोलादी तार वेगाने गुंडाळते, त्या ओढीने इंजिन नसलेले ग्लायडर मिनिटभराच्या आत उंच चढते, वर गेल्यावर तार सुटते, आणि मैदानाला एक फेरी घालून ते काही मिनिटांत खाली उतरते. एवढ्याशा उड्डाणाचीही वेळ लिहिली जाते. कोण उडाला, सोबत शिक्षक कोण होता, किती मिनिटे हवेत होता, हे सारे लॉगबुकात येते. मात्र त्या एकाच्या उड्डाणासाठी पंखाचे टोक धरून उभा राहणारा, झेंड्याने खूण करणारा, सुटलेली तार उन्हातून ओढून परत आणणारा असे अनेक छात्र जमिनीवर राबत असतात. लॉगबुकात त्यांना जागा नसते. त्यांचे सभासदत्व नोंदविणारी एकच वही असते, आणि ती म्हणजे महाविद्यालयाची नामावली. उड्डाणाची पाच मिनिटे जपणाऱ्या व्यवस्थेने माणसाची तीन वर्षे हरवू द्यावीत, हे शोभणारे नाही.

हा काही निव्वळ हौसेचा खेळही नव्हे. फेब्रुवारी २०२० मध्ये पतियाळा येथे छात्रसेनेच्या प्रशिक्षणाचे मायक्रोलाइट विमान कोसळले. विमान चालविणारे वायुदलातील अधिकारी मृत्युमुखी पडले आणि सोबतचा छात्र जखमी झाला. आकाशाशी संबंध आला की धोक्याशीही संबंध येतो, आणि तो छात्र व त्याचे आईबाप स्वखुशीने पत्करीत असतात. कायद्याने जेथे सक्ती नाही, तेथे समाजाचे ऋण अधिक असते, कमी नव्हे.

आता ग्रामीण भागाच्या दृष्टीने याचा विचार करू. जुन्नरला लागून असलेल्या आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू पट्ट्यात लोणी हे गाव आहे. लोणी-धामणी परिसराचे नाव वर्तमानपत्रांत येते ते बहुधा पाणीटंचाईच्या निमित्ताने. हवाई शाखेची पथके विमानतळ वा धावपट्टीची सोय असलेल्या शहरांच्या आश्रयाने वाढली. त्यामुळे अशा गावातील मुलाला किंवा मुलीला छात्रसेना भेटलीच तर ती बहुधा भूदल शाखेच्या रूपाने, आणि हवाई शाखेत जावयाचे तर आधी पुण्यासारख्या शहरात शिकावयास जावे लागते. खोलीचे भाडे, खानावळीचा खर्च आणि पहाटेच्या कवायतीसाठीची पायपीट सोसून जो तेथवर पोचतो, त्याच्या दृष्टीने त्या नामावलीतील ओळ ही साधी ओळ नसते. ज्या घराण्याचा सरकारी दफ्तराशी संबंध सातबाऱ्यापुरता आणि सोसायटीच्या कर्जापुरता आला, त्या घराण्यातील माणसाने देशाच्या एका संघटनेत स्वतःच्या इच्छेने प्रवेश केल्याची ती कदाचित पहिली नोंद असते. गावाला मात्र तिची वार्ताही नसते.

स्मरणाच्या बाबतीत आपल्या खेड्यांचा अनुभवही बोलका आहे. पुणे-सातारा भागातील कित्येक गावांत १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाची संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके लोक लढाईस गेले आणि त्यांतील इतके कामास आले, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते. आकडा आहे, नाव नाही. ज्या सत्तेने ती पाटी लावली तिला आकडा पुरेसा होता. ज्या घरातील माणूस गेला त्या घराला तो कसा पुरावा? नाणेघाटात प्रतिमा गेल्या आणि नावे राहिली. या पाट्यांवर दगड राहिला, पण नावे तेथे आलीच नाहीत. छात्रसेनेचा इतिहास सांगण्याची आपली रीत या दुसऱ्या प्रकारची होऊ लागली आहे. १९६५ व १९७१ च्या युद्धकाळात छात्रांनी दारूगोळा कारखान्यांना मदत केली, नागरी संरक्षणाच्या कामात भाग घेतला, वाहतूक सांभाळली, असे छात्रसेनेच्या माहितीपुस्तिकांत सांगितले जाते. २०२० च्या महामारीत अठरा वर्षांवरील छात्र मदतकार्यास स्वेच्छेने पुढे आले. हे सारे अभिमानास्पद आहे. परंतु आपल्या महाविद्यालयातील कोण कोण त्यांत होते, हे आज किती महाविद्यालये छातीठोकपणे सांगू शकतील?

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर छात्रसेना १९६३ मध्ये सक्तीची झाली होती. तेव्हा ज्यांची नावे यादीत आली त्यांत स्वेच्छेचा प्रश्नच नव्हता. शिवाय आजही अनेकजण प्रमाणपत्राच्या गुणांसाठी आणि नोकरीतील सवलतीसाठीच येतात. मग एवढे स्मरण कशासाठी? आक्षेपात तथ्य नाही असे नाही. तथापि १९६८ मध्ये ती सक्ती उठली, आणि तेव्हापासून जो आला तो आपण होऊन आला. प्रमाणपत्राच्या अपेक्षेने आला म्हणून त्याची पहाटेची कवायत खोटी ठरत नाही. कोणत्याही सेवेत हेतू मिश्रच असतात. नोकरीची आशा आणि देशाविषयीची ओढ एकाच मनात सुखाने नांदू शकतात. आणि स्मरण म्हणजे गौरवगान नव्हे. अमुक साली अमुक गावची अमुक मुलगी या पथकात होती, एवढे सत्य टिकविणे म्हणजे स्मरण. त्यातून युद्धाची चटक लागेल अशी भीती बाळगण्याचेही कारण नाही.

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १ डिसेंबर १९४१ रोजी सिव्हिल एअर पेट्रोल ही स्वयंसेवी संघटना स्थापन झाली. साध्या नागरिकांनी आपापली लहान विमाने घेऊन किनाऱ्यालगत शत्रूच्या पाणबुड्यांवर पाळत ठेवली. पुढील वर्षी तीत कुमारवयीन छात्रांचा विभागही सुरू झाला. युद्धकाळात तिचे साठाहून अधिक सभासद कामगिरीवर मृत्यू पावले. या सभासदांना अमेरिकन काँग्रेसचे सुवर्णपदक मिळाले ते २०१४ साली, म्हणजे सत्तरांहून अधिक वर्षांनी. तोवर बहुतेक सभासद काळाच्या पडद्याआड गेले होते आणि जुन्या सभासदांची नावे जमविण्यासाठी संघटनेला त्यांच्या कुटुंबीयांना आवाहन करावे लागले. श्रीमंत आणि नोंदींच्या बाबतीत दक्ष अशा देशाची ही कथा.

आपल्या इतिहासातही याचे एक उदाहरण आहे. १९४४ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद फौजेतर्फे सुमारे पंचेचाळीस तरुण प्रशिक्षणासाठी जपानला पाठविले. ते टोकियो कॅडेट म्हणून ओळखले जातात, आणि त्यांतील काहीजण विमानविद्येसाठी निवडले गेले होते. त्यांपैकी रमेश सखाराम बेनेगल हे पुढे स्वतंत्र भारताच्या वायुदलात आले आणि १९७१ च्या युद्धातील कामगिरीबद्दल महावीरचक्राचे मानकरी ठरले. त्या प्रवासाची हकीकत त्यांनी स्वतः पुस्तकरूपाने लिहून ठेवली. हे छात्र ज्या फौजेचे होते ती फौज उरली नाही, तिचे सरकार उरले नाही. एका छात्राने लेखणी हाती घेतली म्हणून त्या अनुभवाचा धागा आपल्या हाती राहिला. पण प्रत्येक पथकात असा लिहिणारा निघेलच, या भरवशावर समाजाने राहू नये.

नोव्हेंबर २०२१ मध्ये छात्रसेनेच्या माजी छात्रांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, ही स्वागतार्ह घटना होय. परंतु अशा संघटनेत जो स्वतः नाव नोंदवितो तोच येतो. जो हयात नाही, जो गावाकडे परतून शेती करतो, जिचे लग्नानंतर आडनाव बदलले, त्यांना शोधावयाचे तर जुनी नामावलीच हवी. आजच्या छात्रांची नोंद संगणकावर आहे. खरा धोका आहे तो कागदाच्या काळातील नावांना. २०२४ मध्ये छात्रसेनेत आणखी तीन लाख जागा वाढविण्यास मान्यता मिळाली. नवे छात्र घेताना जुन्यांची वही वाळवीच्या स्वाधीन करणे हे वाढीचे लक्षण नव्हे.

उपाय अवघड नाही आणि खर्चाचाही नाही. सरकारी दफ्तराशी परिचय असलेल्या प्रत्येक लिपिकास ठाऊक आहे की अ वर्गातील अभिलेख कायमचे जपावयाचे असतात आणि इतर वर्गांचे मुदतीनंतर निर्लेखन होते. शाळेच्या जनरल रजिस्टरला आपण जो मान देतो, तोच छात्रांच्या नामावलीला द्यावा. तिची एक प्रत ग्रंथालयात असावी. प्रशिक्षणात जखमी झालेल्या वा मृत्यू पावलेल्या छात्रांची नोंद स्वतंत्र पानावर असावी. शिक्षकांकडे तर छात्रसेनेची धुरा पहिल्यापासूनच आहे. पथक चालविणारा अधिकारी हा मुळात अध्यापक असतो, आणि अशा अध्यापकांना घडविणारी, १९५७ मध्ये पुरंदर येथे सुरू झालेली प्रबोधिनी आज आपल्याच राज्यात कामठीस आहे. या अध्यापकांनी निवृत्त होण्यापूर्वी आपल्या काळातील छात्रांविषयी दहा पाने लिहून ठेवली तरी मोठे काम होईल. विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर आपल्या गावातून छात्रसेनेत कोण कोण गेले होते याची चौकशी करावी आणि ती यादी गावच्या शाळेस द्यावी. लोणीसारख्या गावात ती यादी कदाचित चार-सहा नावांचीच होईल. पण तिच्यात एखाद्या मुलीचे नाव हवाई शाखेच्या पुढे लिहिलेले असेल, तर त्या शाळेतील पाचवी-सहावीची मुले ते वाचतील आणि हा रस्ता आपल्या गावातूनही जातो हे त्यांना कळेल.

दर वर्षी नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी छात्रसेना दिन साजरा होतो. संचलन होते, भाषणे होतात, रक्तदान होते. त्या दिवशी प्रत्येक महाविद्यालयाने पन्नास वर्षांपूर्वीच्या आपल्या छात्रांची नावे, गावांसह, एकदा मोठ्याने वाचावीत. त्यास पाच मिनिटे लागतील. ग्लायडरच्या एका उड्डाणाला लागतात तेवढीच.