विश्लेषण : घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी... दोन भाषांमुळे लहान मुले खरेच गोंधळतात का?

अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. तरीही नातवंडांच्या पिढीपर्यंत ही भाषा अनेक घरांतून निसटते. मुलांना दोन्ही भाषा एकदम शिकवाव्यात का, कशा शिकवाव्यात आणि त्यात शाळेची भूमिका काय, याविषयी...

टेक्सासमधील मार्फा या छोट्या गावात १९५४ साली एका शाळेच्या आवारात चक्क एका भाषेचा अंत्यविधी पार पडला. मेक्सिकन वंशाच्या मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेण्यात आल्या, त्या एका पेटीत घालण्यात आल्या आणि ‘मिस्टर स्पॅनिश’ या नावाने ती पेटी ध्वजस्तंभाजवळ पुरण्यात आली. यापुढे शाळेत आणि मैदानावर स्पॅनिश बोलायचे नाही, असा त्याचा अर्थ. ब्लॅकवेल नावाची ही शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. मुलांवर अशी सक्ती करणाऱ्यांचा दावा मात्र तेव्हाही ‘मुलांच्या भल्यासाठी’ असाच होता.

‘गोंधळा’ची समजूत आली कुठून?

टेक्सासमध्ये १९१८च्या कायद्याने शाळेत इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकवणे हा गुन्हाच ठरवला होता. त्या काळातील बुद्धिमापन चाचण्याही इंग्रजीतच होत. घरी स्पॅनिश ऐकत वाढलेले मूल त्यात मागे पडले की दोष चाचणीला न लागता दुसऱ्या भाषेला लागे. याचे परिणाम कागदोपत्री राहिले नाहीत. कॅलिफोर्नियात ‘डायना विरुद्ध राज्य शिक्षण मंडळ’ हा खटला उभा राहिला तो नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलांसाठी. इंग्रजी चाचणीच्या आधारे या मुलांना मतिमंदांच्या वर्गात बसवण्यात आले होते. त्यांची स्पॅनिशमधून पुन्हा चाचणी घेतली तेव्हा बहुतेक मुले त्या वर्गात बसण्यास पात्रच नव्हती असे दिसले. १९७० मध्ये तडजोड झाली आणि मुलाची चाचणी त्याच्या मातृभाषेत घ्यावी हे मान्य झाले.

त्याआधी १९६२ मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी माँट्रियलमधील फ्रेंच-इंग्रजी मुलांचा अभ्यास करून द्विभाषिक मुले बुद्धीच्या चाचण्यांत मागे नसतात, उलट पुढे असतात, असे दाखवले होते. तेव्हापासून वारे फिरले. नंतर ते दुसऱ्या टोकालाही गेले. एलेन बियालिस्टॉक यांच्या संशोधनातून द्विभाषिकांची एकाग्रता आणि लक्ष वळवण्याची क्षमता अधिक असते असे पुढे आले, पण इतर संशोधकांना तो फरक दरवेळी आढळलेला नाही आणि वाद चालूच आहे. त्यामुळे ‘दोन भाषांनी मूल हुशार होते’ अशी जाहिरात करणाऱ्या नर्सरीवर विश्वास ठेवताना जरा जपून. आजीशी बोलता येणे हा फायदा पुरेसा मोठा आहे, त्याला बुद्ध्यांकाची जोड देण्याची गरज नाही.

बाळाच्या कानावर दोन भाषा पडल्या की काय होते?

सुरुवात जन्माआधीच होते. गर्भारपणात इंग्रजी आणि टगालोग या दोन्ही भाषा बोलणाऱ्या मातांच्या नवजात बाळांना दोन्ही भाषा ऐकण्यात रस असतो आणि त्यांतला फरकही कळतो, असे २०१० मध्ये कॅनडातील संशोधकांनी दाखवले. वॉशिंग्टन विद्यापीठात नाया फेर्यान रामिरेझ आणि पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने ११ महिन्यांच्या बाळांच्या मेंदूतील हालचाल मोजली. स्पॅनिश-इंग्रजी घरातील बाळांचे मेंदू दोन्ही भाषांच्या ध्वनींना प्रतिसाद देत होते आणि इंग्रजीबाबत ते केवळ इंग्रजी ऐकणाऱ्या बाळांच्या मागे नव्हते.

हे काम सोपे नाही. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, आपल्या अ-ए-इ-ओ-उ सारखे. इंग्रजीत त्याहून कितीतरी अधिक. स्पॅनिशमध्ये ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि र घोळवून म्हटलेले ‘पेर्रो’ म्हणजे ‘कुत्रा’. इंग्रजी कानाला हा फरक सहज जाणवत नाही. मराठी मूल चमच्यातला च आणि चहातला च एकाच अक्षरात लपलेले असूनही वेगळे उच्चारायला शिकते, तसेच हे.

पालक घाबरतात ते साधारण दोन वर्षांच्या सुमारास, शब्द मोजताना. शेजारचे मूल शंभर शब्द बोलते, आपले साठच. पण हे साठ फक्त इंग्रजीतले असतात. १९९३ मध्ये मायामीत बार्बरा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिश-इंग्रजी बाळांचे दोन्ही भाषांतील शब्द एकत्र मोजले, तेव्हा एकभाषिक मुलांच्या तुलनेत ती मागे नव्हती. एकाच भाषेत मोजले तर आकडा कमी येणार हे उघड आहे, कारण दिवसाचे तास तेवढेच असतात आणि ते दोन भाषांत वाटले जातात. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठातील एरिका हॉफ यांचे संशोधनही हेच सांगते : ज्या भाषेत जितका वेळ, तितकी तिची वाढ.

बोलण्यात खरोखरच विलंब असलेल्या मुलांचे काय? अशा वेळी ‘घरी एकच भाषा बोला’ हा सल्ला आजही काही डॉक्टर आणि शिक्षक देतात. वाचा-उपचारतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेची भूमिका याउलट आहे. दोन भाषांमुळे वाचादोष निर्माण होत नाही. दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो आणि म्हणूनच तपासणी दोन्ही भाषांत व्हायला हवी. मोडके इंग्रजी बोलणाऱ्या आईला स्पॅनिश सोडायला लावले तर मुलाला इंग्रजी फारसे मिळत नाही, आई मात्र गप्प होते.

एकाच वाक्यात दोन भाषा?

‘मामी, किएरो जूस’ म्हणजे ‘आई, मला ज्यूस हवा’. असे बोलणारे मूल गोंधळलेले नसते. जो शब्द आधी हाताशी येतो तो ते वापरते. शाना पॉपलॅक यांनी १९८० मध्ये न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन वस्तीतील बोलण्याचा अभ्यास करून दाखवले की ही सरमिसळही नियमांत चालते आणि दोन्ही भाषांवर पकड असलेलेच वाक्याच्या मध्ये सफाईने भाषा बदलतात. ‘आई, माझा होमवर्क कम्प्लीट झाला’ हे वाक्य रोज ऐकणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

घरात नेमका कोणता नियम पाळावा?

सर्वाधिक सांगितला जाणारा नियम ‘एक पालक, एक भाषा’. फ्रेंच भाषातज्ज्ञ ज्यूल रोंजा यांनी आपल्या लुई या मुलावर हा प्रयोग केला. स्वतः फ्रेंच बोलायचे, जर्मन पत्नीने जर्मन. १९१३ मध्ये त्यांचे त्यावरील पुस्तक आले आणि तेव्हापासून हा नियम जणू शास्त्र म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो हमखास यशाचा नाही. आनिक दे हौवर यांनी बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातील सुमारे १९०० कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा या पद्धतीच्या घरांत चारपैकी साधारण तीन ठिकाणीच मुले अल्पसंख्य भाषा बोलत होती. आई-बाबा दोघेही ती भाषा बोलत, त्या घरांत प्रमाण बरेच जास्त होते. अमेरिकेतील घरालाही हे लागू पडावे. इंग्रजी रस्त्यावर, शाळेत, टीव्हीवर, मित्रांत मिळतेच; स्पॅनिश फक्त घरात. मग घराने ती वाटून का द्यावी?

कार्टून लावून दिले की काम होते, हा समजही टिकत नाही. कूल यांच्या २००३च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिनची १२ सत्रे देण्यात आली. समोर माणूस बसून खेळत-बोलत होता त्या बाळांना मँडरिनचे ध्वनी ओळखता आले. तेच चित्रफितीवरून ऐकणाऱ्यांना नाही. उलट दिशेचा प्रयोग माद्रिदमध्ये झाला. तेथील चार सरकारी शिशुकेंद्रांत स्पॅनिश घरांतील बाळांशी रोज एक तास इंग्रजीत गप्पा, खेळ, गाणी असा उपक्रम १८ आठवडे चालला. शेवटी ही बाळे तासाला सरासरी ७४ इंग्रजी शब्द वा शब्दसमूह उच्चारत होती. नेहमीच्या वर्गातील बाळांचे प्रमाण १३ होते. गरीब वस्तीतील केंद्रांतही परिणाम तसाच दिसला, हे विशेष.

शाळांचा प्रवास कसा झाला?

१९६३ मध्ये मायामीतील कोरल वे शाळेत अर्धा दिवस इंग्रजी, अर्धा दिवस स्पॅनिश असे वर्ग सुरू झाले. क्युबातील क्रांतीनंतर आलेल्या निर्वासितांना लवकरच परतायचे होते, त्यामुळे मुलांची स्पॅनिश पक्की राहावी ही त्यांची इच्छा. परतणे झाले नाही, शाळा मात्र आदर्श ठरली. १९६८ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी द्विभाषिक शिक्षण कायद्यावर सही केली. तरुणपणी ते टेक्सासमधील कोटुला येथे मेक्सिकन मुलांचे शिक्षक होते.

मग कॅलिफोर्नियाने पलटी मारली. जून १९९८ मध्ये ‘प्रस्ताव २२७’ला ६१ टक्के मते पडली आणि द्विभाषिक वर्ग जवळपास बंद झाले. २०१६ मध्ये त्याच राज्याने ‘प्रस्ताव ५८’द्वारे सुमारे ७३ टक्के मतांनी ती बंदी उठवली. मधल्या १८ वर्षांत एक अख्खी पिढी शाळा संपवून बाहेर पडली होती.

आता चलती आहे ती ‘ड्युअल लँग्वेज’ वर्गांची. त्यात स्पॅनिशभाषक आणि इंग्रजीभाषक मुले एकत्र बसतात. काही शाळांत पहिल्या वर्षी ९० टक्के शिकवणे स्पॅनिशमध्ये असते आणि इंग्रजी हळूहळू निम्म्यावर येते. काही ठिकाणी सुरुवातीपासूनच निम्मे-निम्मे. इंग्रजी कच्ची राहील ही भीती साहजिक आहे. ओरेगॉनमधील पोर्टलंड येथे प्रवेश सोडतीने होत असल्यामुळे तुलना नेमकी करता आली. रँड संस्थेच्या अभ्यासात अशा वर्गांतील मुले इंग्रजी वाचनात पाचवीत सुमारे सात महिने आणि आठवीत नऊ महिने पुढे असल्याचे दिसले.

अडचण वेगळीकडे आहे. स्टॅनफर्डच्या ग्वादालुपे वाल्देस यांनी १९९७ मध्येच इशारा दिला होता की या वर्गांचा लाभ आधीच सुस्थितीत असलेल्या इंग्रजीभाषक मुलांकडे वळू शकतो. श्रीमंत घरातील मूल दोन शब्द स्पॅनिश बोलले की कौतुक होते. मजुराच्या मुलाचे इंग्रजी मात्र गृहीत धरले जाते.

तरीही स्पॅनिश का निसटते?

प्यू संशोधन केंद्राच्या २०२३च्या अहवालानुसार पुढच्या पिढ्यांना स्पॅनिश यावी असे ८५ टक्के लॅटिनो प्रौढांना वाटते, पण तिसऱ्या वा त्यापुढच्या पिढीतील सुमारे एक तृतीयांश लोकांनाच ती नीट बोलता येते. न येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना आपल्याच माणसांनी त्यावरून हिणवले आहे. अशा मुलांना ‘नो साबो किड्स’ म्हणतात. ‘मला माहीत नाही’ यासाठी बरोबर स्पॅनिश ‘नो से’. नियम लावून केलेले ‘नो साबो’ चूक. मराठीत ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणणाऱ्या बाळासारखीच ही चूक आहे. बाळाचे हसून कौतुक होते, विशीतल्या नातवाची टिंगल.

अमेरिकेतील मराठी घरांना हे चित्र ओळखीचे आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा त्यासाठीच चालतात. फरक इतकाच, की स्पॅनिशला सरकारी शाळेची दारे उघडी आहेत, मराठीची मदार घरावर आणि आठवड्यातल्या एखाद्या वर्गावर.

पुढे काय?

मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढून इंग्रजीला अमेरिकेची अधिकृत भाषा घोषित केले. त्याआधी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने २०३० पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना दोन भाषांत प्रवीण करणाऱ्या वर्गांत आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केलेले आहे. कळीचा प्रश्न शिक्षकांचा आहे. अनेक राज्ये स्पेन सरकारशी करार करून तेथून शिक्षक आणतात. मग मेक्सिकन घरातल्या मुलाला घरी संगणक म्हणजे ‘कोंपुतादोरा’ आणि वर्गात ‘ओर्देनादोर’ ऐकावे लागते. आईचा शब्द चूक नाही हे त्याला कोणीतरी वर्गातच सांगावे लागते.