छोट्या अनुदानाची अडलेली वाट

ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारने भरपाई वनीकरण निधीतून राज्यांकडे ४७ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम वळती केली. तेव्हा पर्यावरणासाठी देशात पैसाच नाही, हे म्हणणे टिकत नाही. मला प्रश्न पडतो तो त्या पैशाच्या वाटेचा. दोन-चार लाखांत तलावातील गाळ काढू पाहणाऱ्या गावापर्यंत तो पोहोचणार कसा?

अल्प निधीचे सामर्थ्य आपण पाहिलेले आहे. राजस्थानातील अलवर जिल्ह्यात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तरुण भारत संघाच्या साथीने गावांनी जोहड उभारले. श्रमाचा मोठा वाटा गावकऱ्यांचाच होता. पुढे अरवरी नदी पुन्हा वाहू लागली आणि पाण्याच्या वापराचे नियम ठरवण्यासाठी ७२ गावांची ‘अरवरी संसद’ स्थापन झाली.

जागतिक पर्यावरण सुविधेचा १९९२ पासूनचा लघुअनुदान कार्यक्रम याच जाणिवेवर उभा आहे. त्यात एका प्रकल्पाची मर्यादा दीर्घकाळ ५० हजार डॉलर राहिली आणि निर्णय घेणाऱ्या राष्ट्रीय समितीत बिगरसरकारी सदस्यांचे बहुमत असते. भारतात अनेक वर्षे अहमदाबादच्या पर्यावरण शिक्षण केंद्राने त्याचे यजमानपद सांभाळले. हिशेब, अहवाल, देखरेख यांचा भार मधली संस्था उचलते. गावगट आपले काम करतो.

नेमका हा मधला दुवा २०२० मध्ये तुटला. परकीय योगदान नियमन कायद्यातील दुरुस्तीने मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेकडे देण्यास बंदी घातली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांचा पैसा या कायद्याबाहेर असल्याने ती एक वाट उरली. परकीय पैशाचा माग लागावा, ही सरकारची अपेक्षा गैर नाही. मात्र बंदीचा फटका सर्वाधिक बसला तो स्वतः नोंदणीचा खटाटोप न पेलणाऱ्या लहान गटांना.

देशी पर्यायही सोपा नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या यादीत पर्यावरण आहे. पण बाहेरच्या संस्थेला तो निधी हवा असेल, तर नोंदणी आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास लागतो. नव्या गावगटाकडे तो कोठून असणार?

उत्तर आपल्याच कायद्यात आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक जैवविविधता निधी उभारता येतो आणि देशात सुमारे पावणेतीन लाख जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत. हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० ची मुदत आणि दंडाची तंबी दिल्यावर त्यांतील पुष्कळ घाईने स्थापन झाल्या. अनेकींकडे खर्चायला काहीच नाही.

भरपाई वनीकरण निधीचा लहानसा हिस्सा या समित्यांमार्फत अनुदान म्हणून द्यावा, असे मला वाटते. अर्ज स्थानिक भाषेत आणि दोन पानांचा असावा. हिशेबाचे वाचन ग्रामसभेत व्हावे. एवढ्या रकमेवर याहून कडक पहारा दिल्लीला बसवता येणार नाही. पहिला हप्ता मात्र हिवाळ्यातच मिळावा, कारण मातीकाम पावसाआधी उरकावे लागते. जूनमध्ये आलेला पैसा तलावाच्या उपयोगाचा नसतो. मग तो खर्ची दाखवण्यासाठीच कामे शोधली जातात.