लिनक्स कर्नलमधील उपकरणांच्या निद्रा व जागृतीचा क्रम

प्रस्तावना :
लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर यंत्र झोपी जाते व उघडताच काम पूर्ववत सुरू होते, असा वापरकर्त्याचा सर्वसाधारण अनुभव असतो. मात्र त्या काही क्षणांत कर्नलला प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर थांबवावा व नंतर पुन्हा कार्यरत करावा लागतो. यातील क्रम चुकला तर यंत्र जागेच होत नाही आणि जतन न केलेले काम नष्ट होते. म्हणूनच हा प्रश्न केवळ तांत्रिक सोयीचा नाही.

क्रमाचा मूळ नियम :
पेनड्राइव्ह यूएसबी नियंत्रकावर आणि नियंत्रक पीसीआय बसवर अवलंबून असतो. साहजिकच पेनड्राइव्हने आधी झोपावे व सर्वांत शेवटी जागे व्हावे. लिनक्समध्ये यासाठी उपकरणांची एक यादी ठेवली जाते. जनक उपकरणाची नोंद अपत्याच्या आधी होते. निद्रेच्या वेळी ही यादी उलट दिशेने वाचली जाते व जागृतीच्या वेळी सुलट. हा नियम साधा आहे, किंबहुना फारच साधा आहे.

नियमाची मर्यादा :
सर्व अवलंबित्व जनक-अपत्य नात्यात सामावते, हे गृहीतक मोबाइलसारख्या यंत्रांत टिकत नाही. स्पर्शपटल एका बसचे अपत्य असते, पण त्याला वीज देणारा रेग्युलेटर दुसऱ्याच बसवरील चिपमध्ये असतो. रेग्युलेटर आधी झोपला तर पटलाच्या ड्रायव्हरला आपले काम आवरताही येत नाही. 2012 मधील 3.4 आवृत्तीपासून, पुरवठादार तयार नसल्यास ड्रायव्हरची जोडणी लांबणीवर टाकता येऊ लागली. अशा उपकरणाची नोंद यादीच्या शेवटी सरकवली जात असल्याने क्रम काही अंशी सुधारला.

तथापि, 2010 मधील 2.6.34 आवृत्तीपासूनच, वेळ वाचविण्यासाठी, तशी मुभा दिलेली उपकरणे समांतरपणे झोपविण्याची सोय झाली होती. तेथे यादीतील स्थानाला फारसा अर्थ उरत नाही. केवळ ज्ञात नात्यांसाठीच थांबले जाते. रेग्युलेटरचे नाते कर्नलला ठाऊकच नव्हते. 2017 मध्ये 4.10 आवृत्तीत राफाएल विसोकी यांच्या कार्यातून पुरवठादार व ग्राहक उपकरणांतील दुवे स्पष्टपणे नोंदविण्याची व्यवस्था आली. खरा उपाय हाच म्हणावा लागेल, कारण यात क्रमाचा अंदाज बांधला जात नाही, तर अवलंबित्व प्रत्यक्ष सांगितले जाते.

दोषशोधन :
क्रमातील चूक शोधणे विशेष कठीण असते. निद्रेच्या काळात कन्सोलही थांबलेला असल्याने पडद्यावर संदेश उमटत नाही आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यास स्मृतीतील खुणा पुसल्या जातात. यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी 2006 मध्ये एक चमत्कारिक वाटणारी युक्ती योजली. बॅटरीवर चालणाऱ्या संगणकाच्या घड्याळातच शेवटच्या टप्प्याची सांकेतिक खूण लिहून ठेवायची. पुन्हा सुरू झालेला कर्नल ती वाचून, यंत्र कोणत्या उपकरणापाशी अडले असावे, हे सुचवितो. अर्थात, त्यानंतर संगणकाचा दिनांक नव्याने लावावा लागतो.