व्हिस्की कॉकटेल आणि घरचा पाक

न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने १३ मे १८०६ रोजी एका वाचकाच्या शंकेला उत्तर देताना कॉकटेलची व्याख्या छापली. कोणतंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (कडू अर्क), एवढ्याच चार जिनसा तिच्यात होत्या. मद्य म्हणून व्हिस्की घेतली की जे पेय होतं, त्यालाच पुढे ‘ओल्ड फॅशन्ड’ हे नाव पडलं. १८६२ मध्ये जेरी टॉमस यांचं बारटेंडरांसाठीचं प्रसिद्ध पुस्तक आलं. त्याच्या दुसऱ्या भागात पाक आणि लिकर कशी तयार करायची याच्या कृती होत्या. म्हणजे पाक आपल्या हाताने करणं, लिंबू तिथल्या तिथे पिळणं हा त्या काळी हौसेचा नव्हे, धंद्याचाच भाग होता.

१९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात अमेरिकेतले नावाजलेले बार बंद पडले. पुढे तयार ‘सावर मिक्स’ आलं, रंग आणि सायट्रिक ॲसिड घातलेली सरबतं आली. क्लासिक कॉकटेलं बेचव झाली ती इथे. घरी केलेल्या जिनसांनी त्यांची मूळ चव परत येते.

‘व्हिस्की सावर’ घ्या. ६० मिली व्हिस्की, साधारण २० मिली लिंबाचा रस आणि तेवढाच पाक. सायट्रिक ॲसिडमधून आंबटपणा मिळतो, पण लिंबाचा वास त्यात नसतो. ताज्या रसाचा तजेलाही काही तासांत ओसरतो, म्हणून रस त्याच दिवशी काढावा. पाश्चात्त्य कृतींमध्ये मोठं पिवळं लेमन गृहीत धरलेलं असतं. आपलं कागदी लिंबू त्याहून जहाल, त्यामुळे रस १५ मिलीपासून सुरू करून चव घेत वाढवावा. पाकासाठी साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं. गुलाबजामासारखी तार इथे नको.

लिंबाचा खरा सुगंध मात्र सालीत असतो. एकोणिसाव्या शतकातले पंच करणारे तो साखरेने ओढून घेत. चार लिंबांची साल सोलाण्याने पातळ काढा. खालचा पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू असतो. सालीवर १०० ग्रॅम साखर घालून ती बोटांनी चांगली चुरा आणि भांडं झाकून रात्रभर ठेवा. सकाळी साखर ओलसर, चकचकीत झालेली दिसते आणि झाकण उघडताच वास येतो. साखरेने सालीतलं तेल बाहेर ओढलेलं असतं. त्यात थोडं गरम पाणी घालून ढवळा आणि गाळून घ्या. साध्या पाकाऐवजी हा पाक घातलेलं सावर एकदा प्यायलं की बाटलीतलं मिक्स पुन्हा विकत घ्यावंसं वाटत नाही.

आल्याचं उदाहरण अलीकडचं आहे. सॅम रॉस यांनी २००५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ‘मिल्क अँड हनी’ बारमध्ये ‘पेनिसिलिन’ हे कॉकटेल तयार केलं. त्यात ब्लेंडेड स्कॉच, लिंबू, मध, गोड केलेला आल्याचा रस आणि वरून आयला बेटावरच्या धुरकट स्कॉचचा हलका थर असतो. आलं उकळलं की त्यातल्या जिंजेरॉलचं रूपांतर सौम्य चवीच्या झिंजेरोनमध्ये होतं आणि झणका उतरतो. म्हणून आलं किसून, फडक्यातून पिळून कच्चाच रस घ्यावा आणि त्यात साखर विरघळवावी. मध थेट घातला तर गार पेयात गोळा होऊन तळाशी बसतो. आधी कोमट पाण्यात तो पातळ करावा.

बॉस्टनच्या ‘वॉर्ड एट’मध्ये व्हिस्की, लिंबू आणि संत्र्याच्या रसासोबत ग्रेनेडिन लागतं. ग्रेनेडिन म्हणजे मुळात डाळिंबाचा पाक, पण बाजारातल्या कित्येक बाटल्यांत डाळिंब नावालाही नसतं. सोलापूरचं डाळिंब ज्यांच्या हाताशी आहे त्यांनी ग्रेनेडिन का विकत घ्यावं? ताजा रस आणि साखर समप्रमाणात घेऊन मंद आचेवर साखर विरघळवली की झालं.

‘मॅनहॅटन’ कॉकटेलमधल्या चेरीचंही तेच. भडक लाल, नुसत्या गोड चेरीऐवजी उन्हाळ्यात काश्मीरच्या चेरी येतात तेव्हा बिया काढून त्या पाकात दोन मिनिटं उकळाव्यात आणि गार झाल्यावर व्हिस्कीत बुडवून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. दोन आठवड्यांत त्या छान मुरतात.

अर्थात सगळंच घरी करायचा अट्टहास नको. बिटर्स विकतच आणावं. योहान सीगर्ट या जर्मन डॉक्टरने व्हेनेझुएलात १८२४ मध्ये तयार केलेल्या अँगोस्टुरा बिटर्सची कृती आजही गुप्त आहे आणि ते थेंबाथेंबाने लागत असल्याने एक बाटली खूप दिवस पुरते. घरी बिटर्स करायला सिंकोनाची साल वगैरे घेऊन अंदाजपंचे प्रयोग करू नयेत, जास्त प्रमाणात ती अपायकारक असते. घरचा पाक फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावा. गढूळ दिसला, तर टाकून द्यावा.

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, ती पाळावी आणि पिऊन गाडी चालवू नये. बाकी, सुरुवात करायला फार काही लागत नाही. महागडी व्हिस्की आणण्याआधी ताजं लिंबू आणि घरचा पाक वापरून पाहा. त्याच पैशांत कॉकटेल सर्वांत जास्त सुधारतं ते याच दोन गोष्टींनी.