हेडसेटमधलं हवाईदल

आमच्या नंदुरबारकडच्या कळसाडीच्या माणसाला लढाऊ विमानांचा इतिहास जवळून बघायचा, तर हवाईदलाचं संग्रहालय थेट दिल्लीत, पालमला. तिथंही विमान उभं असतं, उडत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत ही अडचण हेडसेटने बरीच कमी केली. २०१२ मध्ये ऑक्युलसने लोकांकडून पैसे गोळा केले, २०१६ मध्ये रिफ्ट बाजारात आला, आणि जुनी विमानं हौसेने घडवणाऱ्या ‘डीसीएस’, ‘इल-२’ या सिम्युलेटरांचे दिवस पालटले. पडद्यासमोर बसणारा कॉकपिटमध्ये जाऊन बसला. अर्थात हेडसेट पेलणारा संगणक घ्यायचा म्हणजे खिशाला चांगलीच कात्री, ते वेगळंच.

मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान उडवत होता. जून १९१८ मध्ये तो फ्रान्समध्ये कामी आला. ‘इल-२’च्या ‘फ्लाइंग सर्कस’ भागात हे डॉल्फिन आहे. त्याचा वरचा पंख खालच्या पंखाच्या मागे सरकवलेला, आणि त्याच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून वैमानिकाचं डोकं वर निघालेलं. हेडसेट लावून मान वळवली की दोन्ही बाजूंना पंख डोळ्यांच्या रेषेत येतात, वर सगळं आभाळ मोकळं. शत्रू वरून आला तर झकास. पण उतरताना विमान पालथं झालं, तर पहिला मार डोक्यालाच. हे छायाचित्रात ध्यानात येत नाही.

मिग-२१ आपल्या जास्त जवळचं. नाशिकजवळ ओझरला ‘एचएएल’ने ही विमानं बनवली. त्यातलं ‘बिस’ हे मॉडेल २०१४ मध्ये ‘डीसीएस’मध्ये आलं. हिरवट-निळा डॅशबोर्ड, पुढे जाड चौकट, मागचं जेमतेम दिसणारं. चाकांचा ब्रेक सायकलसारखा, दांड्यावरच्या खटक्यात. वळायचं तर सोबत पायाने रडर दाबायचं. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये हवाईदलाने मिग-२१ला निरोप दिला. हेडसेटमधलं मात्र अजून उडतंय.

माझी तक्रार दुसरीच आहे. ‘इल-२’च्या ‘ग्रेट बॅटल्स’ मालिकेत दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्को आहे, स्टालिनग्राड आहे, कुबान आहे, नॉर्मंडी आहे. आपले वैमानिक जिथे लढले ते इम्फाळ नाही, आराकान नाही. जिथे गिऱ्हाईक, तिथलं युद्ध. शिवाय आपला भाग अवघडही आहे. ९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारात शाळकरी शिरीषकुमार इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्याच वर्षी आपले वैमानिक त्याच सरकारच्या बाजूने ब्रह्मदेशात लढले. जिंकलं-हरलं एवढंच मोजणाऱ्या मिशनमध्ये हे बसवायचं कसं?

नुसता आपला मुलूख बघायचा, तर २०२० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये अख्खी पृथ्वी आहे. सुरतेहून उडायचं, तापी धरून उकाईच्या पाण्यावरून पूर्वेला यायचं, डावीकडे सातपुडा. खेड्यांतली घरं बहुतेक संगणकाने अंदाजाने बसवलेली. इम्फाळचं खोरंही त्यात आहे, पण आजचं.

मला हवंय ते व्हेंजन्स. आपल्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रननी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हे बॉम्बफेकी विमान उडवलं. सरळ खाली सूर मारता यावा म्हणून त्याचे पंख असे बसवले होते, की एरवी ते नाक वर करूनच उडायचं. पुढचं झाकणारं ते नाक सांभाळत तासभर डोंगरांवरून जायचं आणि मग एकदम उभं खाली झेपावायचं, हे वैमानिकाला कसं जमत असेल, ते त्या खुर्चीत बसूनच बघावं लागेल.