मृत्पात्र, उपयोग आणि अवधान

हाताने मातीची भांडी घडविल्याने मन शांत होते, असे आज पुष्कळदा सांगितले जाते. परंतु ही शांती तल्लीनतेची की अवधानाची, याचा विचार क्वचितच होतो. तेरच्या गोरा कुंभारांची आख्यायिका सर्वश्रुत आहे. विठ्ठलनामात देहभान हरपून ते माती तुडवीत होते आणि त्यांचे मूल पायांखाली आले. भक्तीच्या दृष्टीने ती तल्लीनतेची परिसीमा होय; कुंभकामाच्या दृष्टीने मात्र लक्ष तेथे मातीवर उरलेच नव्हते. कुंभकामास देहभान जागे असावे लागते.

याचा प्रत्यय चाकावर प्रथमपासून येतो. फिरत्या चाकावरील गोळा आधी बरोबर मध्यावर आणावा लागतो. तो किंचित कललेला राहिला, तर पुढे भांड्याची भिंत एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस पातळ होते. मग अंगठ्यांनी पोकळी करून, आतील व बाहेरील बोटांच्या दाबात भिंत वर चढवितात. या वेळी फार रेंगाळल्यास माती पाणी पिऊन ढासळते. घाई केल्यास भिंत फाटते. अवधानाची गरज येथे संपत नाही. कान भांड्याहून अधिक ओला असताना जोडला, तर वाळताना सांधा तडकतो. भाजताना सुमारे ५७३ अंश सेल्सिअस तापमानास मातीतील गारेच्या कणांची रचना पालटते व ते एकाएकी प्रसरण पावतात. निवताना तितकेच आकुंचन होते. त्या टप्प्यावर उतावीळपणा केल्यास भांडे चिरते.

मातीच्या या नियमांत उपयोगाच्या नियमांची भर पडते. किटलीच्या चोचीची कड धारदार नसेल, तर चहा ओतून झाल्यावर थेंब खाली ओघळतो. पेल्याची कड ओठास बोचता कामा नये. कानात बोट सहज मावले पाहिजे. म्हणजे भांडे घडविताना परक्या माणसाचा हात सतत ध्यानात ठेवावा लागतो. उपयुक्त मृत्पात्रातील सर्जकता या बंधनांच्या आतच प्रकट होते.

या विचारास विसाव्या शतकात जपानमध्ये सुस्पष्ट रूप मिळाले. यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) यांनी हामादा शोजी व कावाई कान्जिरो या कुंभकारांसह १९२५ च्या सुमारास ‘मिंगेई’, म्हणजे लोकांची कला, ही संज्ञा रूढ केली. १९३६ मध्ये तोक्योत तिचे संग्रहालय उभे राहिले. अनामिक कारागिराने नित्य वापरासाठी पुनःपुन्हा घडविलेल्या वस्तूत अहंकाराचा लेश नसतो आणि म्हणून ती सुंदर असते, असा यानागींचा सिद्धान्त होता. त्यावर आक्षेप उघड आहे. कारागीर अनामिक राहिला तो परिस्थितीने. सुशिक्षित कलावंत अनामिकता निवडतो, आणि निवड म्हटली की ‘मी’ आलाच. हामादांनी स्वयंपाकघरातील भांडी करणाऱ्या माशिको या गावी वास्तव्य केले, तेथील माती वापरली व भांड्यांवर स्वतःचे नाव घालणे सोडले. तरीही भांड्यांच्या लाकडी पेट्यांवर त्यांची सही असे, आणि १९५५ मध्ये जपान सरकारने त्यांना सांस्कृतिक वारशाचे धारक म्हणून गौरविले. अनामिकतेचेही नाव झाले! हा विरोध मिंगेई विचारास पूर्णपणे मिटविता आला नाही.

तथापि त्यातून अवधानाचे मूल्य कमी होत नाही. त्याची कसोटी तेवढी बदलते. कर्त्याच्या मनःस्थितीवरून किंवा त्याच्या नावावरून ते जोखता येत नाही, भांड्यावरून येते. महाराष्ट्रातील कुंभार माठाच्या मातीत राख किंवा लीद मिसळतो व भांड्यास झिलई देत नाही. त्यामुळे भिंतीतून पाणी पाझरते, बाष्प होऊन उडते आणि आतील पाणी गार राहते. हौशी कुंभकार पेल्यास झिलई देऊन तीच छिद्रे बुजवितो, कारण चहा पाझरून चालत नाही. एकास हे काम पोटासाठी करावे लागते, दुसरा ते मनासाठी करतो. हे अंतर सामाजिक आहे आणि ते शांतीच्या गोष्टींनी झाकू नये. परंतु पाणी गार राहिले की नाही, आणि पेला गळला की नाही, हे प्रश्न दोघांनाही सारखेच लागू आहेत.