घरभाडे साहाय्य : रक्कम भाडेकरूच्या हाती की घरमालकाच्या?

शासनाच्या साहाय्यावर निर्वाह करणाऱ्या कुटुंबाच्या घरभाड्याची रक्कम त्या कुटुंबाच्या हाती द्यावी की परस्पर घरमालकाला पोचती करावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हिशेबाचा वाटतो. प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील अनुभवाच्या आधारे त्याचा विचार केला असून, जोडीला न्यूयॉर्क राज्यातील एका जुन्या कायद्याचा परामर्श घेतला आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. आपल्याकडे ‘थेट लाभ हस्तांतरण’ म्हणजे लाभार्थ्याच्या खात्यात रक्कम जमा करणे. ब्रिटनमध्ये मात्र ‘थेट भरणा’ हा शब्दप्रयोग दोन विरुद्ध अर्थांनी रूढ झाला. २०१२ च्या सुमाराच्या शासकीय प्रकल्पांत तो भाडेकरूला रक्कम देणे या अर्थी येतो, तर घरमालकांच्या बोलण्यात नेमका उलट. म्हणून येथे घरमालकाला केलेल्या भरण्यास ‘परस्पर भरणा’ म्हटले आहे.

ब्रिटनमध्ये नगरपरिषदांच्या घरांतील रहिवाशांचे साहाय्य पूर्वी त्यांच्या भाडेखात्यातच वळते केले जाई. ते पैसे त्यांना दिसतही नसत. खासगी भाडेकरूंसाठी एप्रिल २००८ मध्ये ‘स्थानिक गृहभत्ता’ देशभर लागू झाला आणि रक्कम भाडेकरूलाच देणे हा सर्वसाधारण नियम झाला. आठ आठवड्यांचे भाडे थकल्यास परस्पर भरणा होई. २०१३ पासून आलेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ने हेच तत्त्व सामाजिक घरांनाही लावले आणि निर्वाह व भाडे यांची मिळून एकच मासिक रक्कम देण्यास प्रारंभ केला. नोकरदार जसा पगारातून भाडे भरतो तशी सवय लागली, तर साहाय्याकडून नोकरीकडे जाणे सुकर होईल, असे त्याचे समर्थन होते.

एडिंबरा, ऑक्सफर्ड, श्रॉपशायर, सदर्क, टॉर्फेन व वेकफील्ड या सहा ठिकाणी याची आगाऊ चाचणी घेण्यात आली. रक्कम स्वतःच्या हाती मिळालेल्या भाडेकरूंनी देय भाड्यापैकी ९५.५ टक्के भाडे भरले. तुलनेसाठी घेतलेल्या गटात हे प्रमाण ९९.१ टक्के होते. सुरुवातीच्या हप्त्यांत चुकारपणा अधिक दिसला, पुढे तो कमी झाला. याचा अर्थ बहुसंख्य गरीब कुटुंबे भाडे भरतात. परंतु गृहसंस्थेच्या जमाखर्चात साडेतीन टक्क्यांची तूट क्षुल्लक नसते, आणि घर गमावण्याची पाळी आलेल्या कुटुंबाला सरासरीचा आधार नसतो.

थकबाकीचे खापर भाडेकरूच्या बेशिस्तीवर फोडण्याची प्रवृत्ती मात्र प्रस्तुत लेखकास मान्य नाही. युनिव्हर्सल क्रेडिटची पहिली रक्कम हाती येण्यास साधारणतः पाच आठवडे लागतात. २०११ पासून गृहभत्त्याची मर्यादा अशी ठरविली गेली, की स्थानिक बाजारातील सर्वांत स्वस्त ३० टक्के घरेच तिच्यात बसावीत. त्यातही २०१६ ते २०२० आणि पुन्हा २०२० ते २०२४ या काळात ती गोठविली गेली, भाडी मात्र वाढत राहिली. जी रक्कम मुळात अपुरी आहे ती कोणाच्याही खात्यात जमा केली तरी अपुरीच राहते.

उत्तर आयर्लंडने परस्पर भरणा हाच सर्वसाधारण नियम ठेवला. स्कॉटलंडने ऑक्टोबर २०१७ पासून ही निवड भाडेकरूवर सोपविली. या दोहोंत स्कॉटलंडचा मार्ग अधिक न्याय्य वाटतो, कारण रोकड हाती आल्यावर ती अन्नात व विजेच्या बिलात खर्च होईल ही भीती ज्याला वाटते, तो तेथे स्वतःच परस्पर भरण्याची मागणी करू शकतो. इंग्लंडमध्ये मात्र दोन महिन्यांची थकबाकी झाल्यावर घरमालक तशी मागणी करू शकतो. ती मान्य करण्यापूर्वी भाडेकरूस आपले म्हणणे मांडण्याची संधी न देणे बेकायदेशीर आहे, असा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला.

या निर्णयाने प्रश्नाचे मर्म उघड होते. भाड्याची रक्कम हाती असणे म्हणजे घरमालकाशी बोलताना काही वजन असणे होय. भाडे अडवून धरणे कायद्याच्या दृष्टीने जोखमीचे असते हे खरे. तरीही छत गळत असताना मालकाला दरमहा परस्पर भाडे मिळत राहिले, तर दुरुस्तीची त्याला निकड उरत नाही.

न्यूयॉर्क राज्याने हे १९६२ मध्येच ओळखले होते. ‘स्पीगल कायदा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीनुसार, इमारतीत जीवितास वा आरोग्यास धोकादायक असे दोष असल्यास कल्याण अधिकारी घरमालकाला परस्पर द्यावयाचे भाडे रोखू शकतात. भाडे न भरल्याच्या दाव्यात ते दोष भाडेकरूस बचाव म्हणूनही मांडता येतात. येथे भाडेकरूच्या हातून गेलेले हत्यार शासन स्वतः उचलते. अमेरिकेच्या १९७४ च्या केंद्रीय भाडेसाहाय्य योजनेतही शासनाचा हिस्सा परस्पर मालकालाच मिळतो, पण तपासणीत उत्तीर्ण झालेल्या घरासाठीच, आणि दोष दूर न केल्यास तो थांबविता येतो.

इंग्लंडच्या व्यवस्थेत परस्पर भरणा सुरू करताना थकबाकीचा आकडा पाहिला जातो, घराची स्थिती तपासली जात नाही. न्यायालयाच्या निर्णयानंतर भाडेकरूचे म्हणणे आधी ऐकावे लागेल. पण ते म्हणणे गळक्या छताविषयी असेल, तर त्याच्या वतीने रक्कम रोखून धरणारी न्यूयॉर्कसारखी तरतूद तेथे नाही.